अर्धा इंच माया

केटरिंगला, बुटांच्या बंद कारखान्यामागच्या गल्लीत
माझं दुकान, कुमुद ऑल्टरेशन्स.
पाटीवरचं पहिलं अक्षर उन्हानं उडालंय.
इथल्या उन्हानं! म्हणजे बघा किती वर्षं झाली.

मंगळवारी मॉरीन टेबट आली.
शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं डाव फिरवलेले हात,
माझ्याहून वीतभर उंच,
काखेत कोट, उंटाच्या रंगाचा,
धर्मादाय दुकानात बारा पौंडांना मिळालेला.
"शुक्रवारी मिलानला चाललेय. दोन रात्री.
तिथं म्हणे बायका भाजी आणायलासुद्धा
नीट बसलेल्या कोटाशिवाय निघत नाहीत."
घालून दाखवला.
बाह्या मनगटाच्या चार बोटं वर थांबलेल्या,
उन्हाळ्याच्या सुट्टीत वाढलेल्या पोराच्या गणवेशासारख्या.

आखूड करणं सोपं असतं, मॉरीन, मी म्हटलं.
लांब करायला आधीच्यानं काही ठेवलेलं लागतं.

रात्री शटर ओढून अस्तर उसवलं.
कॉलरखालच्या पट्टीवर पुसट अक्षरात मिलानच.
म्हणजे कोट माहेरी चालला होता,
आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं.

बाहीच्या आत टीप सोडवत गेले
तसं दुमडलेलं कापड उलगडत आलं,
एक इंच, दीड,
जवळजवळ दोन.
उजेड कधी न पाहिलेलं, लोकर अजून फुगीर.

इचलकरंजीच्या क्लासात पाटुकलेबाई
पट्टीनं टेबल वाजवून सांगायच्या,
"शिवणीत माया सोडा गं.
आज अंगावर बसेल, उद्याचं काय?"
हा शब्द इथं मी कुणाला समजावू शकले नाही.
इथं त्याला भत्ता म्हणतात,
प्रवासखर्चासारखा.

कोण होता तो, किंवा ती?
कापड तेव्हाही महागच असणार.
मालक डोक्यावर उभा असणार, कात्री हातात,
आणि तरीही दोन इंच आत वळवून ठेवले
कुणा न पाहिलेल्या लांब हातासाठी.

मी सगळी वापरली नाही.
अर्धा इंच आत राहू दिली.

शनिवारी एका पोराच्या पँटची चेन बदलताना
एकदम मनात आलं,
आत्ता माझी हातशिलाई
मिलानच्या ट्राममध्ये दांडी धरून उभी असेल.
सुई बोटात गेली.

पुढच्या गुरुवारी कोट परत, कॉफीच्या डागासकट.
कुणी बघितला का गं, मी विचारलं.
"एकानंही नाही," ती खुशीत म्हणाली,
"म्हणजे नीटच बसला असणार."
मग बराच वेळ बुटांच्या दुकानांबद्दल बोलली,
आत न शिरता काचेतून पाहिलेल्या,
आणि एका म्हाताऱ्या वेटरबद्दल,
ज्यानं तिची खुर्ची मागं ओढली तेव्हा
तिला वाटलं, उठ म्हणतोय.

खिसे रिकामे करायची माझी सवय.
चॉकलेटचा कागद, एक केसाची पिन,
ट्रामची दोन तिकिटं.
एकावर शिक्का. दुसरं कोरं.
मी दोन्ही काउंटरवर ठेवली, काही बोलले नाही.
"तोंडातून दोनच निघालं," मॉरीन म्हणाली.
"बोटंही दोनच वर केली.
क्लिफ जाऊन अडीच वर्षं झाली, आणि बघ,
अजून दोन मागते."
हसली. मग हसली नाही.

पावती फाडताना विचारलं, ह्याचं काय करू?
"शिक्क्याचं टाक.
दुसरं आत ठेव कुठंतरी, मला न सांगता."

डाग पूर्ण गेला नाही.
तिला चाललं.
सतरा पौंड झाले, तिनं वीस ठेवले,
आणि दारात थांबून डावी बाही
एकदा नुसती चाचपून पाहिली.